कमी वेगावर

माझ्या मुलीनं फ्रिजला ‘आई’ म्हटलं आणि स्वयंपाकघरात सगळे हसले. सकाळची घाई होती, मला अकरा वाजता हॉस्पिटलात तपासणीला पोचायचं होतं, आणि ठमी (खरं नाव कागदोपत्री आहे, पण घरात तिला कुणी त्या नावानं हाक मारत नाही) फ्रिजच्या पांढऱ्या दाराला कान लावून उभी होती; नुकतीच उभी राहू लागलेली मुलं राहतात तशी, ढुंगण मागे काढून, दोन्ही तळवे दाराला चिकटवून. फ्रिजचं यंत्र घूं करून सुरू झालं तशी ती खुलली, डोळे मिटले आणि समाधानानं म्हणाली, “आई.” सासूबाईंना हसताना ठसका लागला. “अगं बाई, थंडगार आई मिळाली की हिला! ओरडत नाही, मारत नाही, दूध तेवढं आतच ठेवते!” नवरा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, “पोरीचा कान पक्का आहे. आवाज सेम आहे.” मीपण हसले. या घरात मी हसले नाही तर धावाधाव होते. पण आत कुठेतरी असा जाळ झाला की वाटलं, तो फ्रिज उचलून गॅलरीतून खाली टाकावा. अर्थात मला दोन लिटर पाण्याची बाटलीसुद्धा कुणी उचलू देत नाही.

आवाज सेम आहे. खोटं कुठे होतं त्यात? माझ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाशी मुठीत मावेल असा एक पंप शिवलेला आहे. तो धडधडत नाही, फिरतो. अखंड, एका लयीत, झोपेत, जागेपणी, भांडी पडली तरी, दारावर कुणी आलं तरी. पोटाच्या उजव्या बाजूनं एक वायर बाहेर येते, ती एका छोट्या डब्यात जाते, डब्याला दोन बॅटऱ्या, आणि हा सगळा संसार खांद्यावरच्या काळ्या पिशवीत. दुकानात बायका विचारतात, “पिशवी छान आहे हो, कुठे घेतली?” मी सांगते, “भेट मिळाली, मुलगी झाली तेव्हा.” ते खरंच आहे. ठमी पोटात असताना शेवटच्या महिन्यात माझे पाय सुजले, आडवं झालं की घुसमटायला लागलं, मी उशांची उतरंड रचून बसून झोपायला लागले, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी एकच उत्तर दिलं. माझी आई म्हणाली, पहिलटकरणीला असं व्हायचंच. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी तर आम्ही याच पायांनी पाणी भरत होतो. दवाखान्यातली बाई म्हणाली, बाळ मोठं आहे, वर दाबतं. मूल झाल्यावरही घुसमट गेली नाही तेव्हा म्हणाले, झोप होत नाही ना, सगळ्या आयांचं हेच. मी शिकलेली, विज्ञानाची पदवी घेतलेली; मलाही वाटलं की सगळ्यांचं हेच असेल, आपणच कौतुक करून घेतोय. मग एक दिवस ठमीला पाजताना माझ्या तोंडातून गुलाबी फेस आला, तेव्हा कुठे सगळ्यांचं एकमत झालं की हे सगळ्यांचं नसतं. हृदय फुगलं होतं, पिशवीसारखं सैल झालं होतं. बाळंतपणात काही जणींचं होतं, म्हणाले. का होतं? नक्की माहीत नाही, म्हणाले. औषधांनी भागलं नाही. मग हा पंप.

तेव्हापासून मला जपतात. तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणतात ना, तसं. फोडाला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही. ठमीला आंघोळ सासूबाई घालतात, कारण पाणी आणि वायर. ठमीला कडेवर नवरा घेतो, कारण ती वायर ओढते. ठमीला झोपवतात सासूबाई; मी तिला छातीवर घ्यायची ती फक्त दुपारी, गादीवर आडवी होऊन, दोन बाजूंना दोन पहारेकरी. तान्हं मूल आईच्या छातीचे ठोके ऐकत झोपतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. माझ्या मुलीनं घूं ऐकलं. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, वर्षभरात माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. पूर्वी सासूबाई मला काय टोमणे मारायच्या! कपडे वाळत घालण्यावरून त्यांनी एकदा मला असं काही ऐकवलं होतं की मी माहेरी फोन करून रडले होते. आता मी म्हणाले की आज सूर्य पश्चिमेला उगवला, तर त्या म्हणतील, “हो गं बाई, उगवला, तू पड जरा.” रागावायचं नाही, हा घराचा पहिला कायदा. आवाज थोडा चढला की दोघांच्या नजरा माझ्या चेहऱ्यावर न येता पिशवीकडे जातात. नवरा तर जवळ येऊन डब्याचा पडदाच बघतो. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. वेग, भार, मोटर किती वीज खाते, यातलं त्याला कळतं, आणि देवानं त्याच्यासाठीच ही बायको बनवली असावी असं मला कधीकधी वाटतं. रोज सकाळ-संध्याकाळ तो पडद्यावरचे आकडे वाचतो आणि नातेवाइकांना फोनवर सांगतो, “एकदम स्टेबल आहे.” कोण? मी की पंप? त्याला हा प्रश्न समजतच नाही.

आणि मला नाडी नव्हती. हे ऐकायला गमतीशीर वाटतं, पण मनगटावर बोट ठेवून स्वतःला शोधणं आणि न सापडणं यात गंमत नाही. पंप रक्त सलग ढकलतो, त्यात चढउतार नसतो, म्हणून नाडी लागत नाही. सुरुवातीला नर्स गोंधळायच्या, एक तर घाबरून पळालीच होती. मला सवय झाली. मग मागच्या मोठ्या तपासणीत मोठ्या डॉक्टरांनी पंपाचा वेग जरा उतरवला. म्हणाले, “हृदय आकारानं लहान झालंय, ही चांगली गोष्ट आहे. आता थोडं काम त्याचं त्याला करू दे. दम लागेल. लागू दे. चाला, जिने चढा, मुलीला घ्या.” तुमच्यासारख्यांमध्ये काही जणींचं हृदय परत कामाला लागतं, तसं लागलं तर पंप काढता येईल, असंही म्हणाले, काही जणींचं, हे दोनदा म्हणाले. त्यानंतरचे ते दिवस. मला खरंच दम लागायचा. कपडे वाळत घालताना हात वर केले की थांबावं लागायचं. सगळे बाहेर असताना मी ठमीला कडेवर घेऊन जिन्यानं एक मजला चढायची, मधल्या पायरीवर बसायची, पुन्हा चढायची. आणि एका सकाळी दात घासताना सहज मनगटावर बोटं गेली तर तिथे काहीतरी होतं. ठोका म्हणावा असं नाही. पडद्यामागे कुणी उभं असलं की पडदा जरा हलतो ना, तेवढंच. मी नळ बंद केला. पुन्हा आलं. पुन्हा. तोंडात फेस तसाच, मी आरशात बघत उभी, आणि आरशातली बाई रडत होती. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या नाडीचीही सकाळ-संध्याकाळ नोंद झाली असती, मामेसासऱ्यांना फोन गेले असते. एवढी एक वस्तू मला माझी हवी होती.

मग ती गेली. मधल्या एका छोट्या तपासणीनंतर दोनेक दिवसांत माझा दम कमी झाला, कपडे एका दमात वाळत घातले गेले, आणि मनगट मुकं झालं. मी बोटं बदलून पाहिली, मनगट बदलून पाहिलं, मानेला हात लावून पाहिला. अंगात जोर होता, चेहऱ्यावर तजेला होता, सासूबाई म्हणाल्या, “आता कशी माणसात आलीस,” आणि मला आतून कळलं होतं की ते गेलं. हृदयानं प्रयत्न केला, त्याला झेपलं नाही, ते पुन्हा पंपाच्या मांडीवर जाऊन निजलं. बरं वाटतंय का, असं सगळे विचारायचे. बरं वाटतंय, मी म्हणायची. घरात आनंद आणि माझ्या आत सुतक. जिनाही सोडला मी. कशासाठी चढायचं? तेव्हापासून आजपर्यंत मी तशीच होते, आणि तशीच, काही आशा न ठेवता, फ्रिजला बिलगलेल्या मुलीला तिथेच सोडून हॉस्पिटलात गेले.

तपासणीची खोली गार असते. छातीवर चिकट गार जेल, त्यावर फिरणारा तो यंत्राचा गोळा, भिंतीवरच्या पडद्यावर माझं हृदय, पाण्याखाली कुणी हात हलवावा तसं. रक्त आधी तपासलं होतं. वेग उतरवला की गुठळी व्हायची भीती, म्हणून ते पुरेसं पातळ आहे ना हे बघतात. मोठे डॉक्टर पडद्यासमोर, धाकटी डॉक्टर आकडे लिहायला, आणि पंपाचा वेग कमी-जास्त करणारी बाई, जिला सगळे ताई म्हणतात, तिच्या यंत्राशी. नवरा बाहेर बाकावर. “उतरवा,” मोठे डॉक्टर म्हणत, ताई वेग एक घर खाली आणी, सगळे थांबत. “काही होतंय?” नाही. “उतरवा.” तिसऱ्या वेळी छातीत जड आलं, आणि सवयीनं माझी बोटं मनगटावर गेली. होतं. बोटांखाली तो पडदा हलत होता. मागच्यापेक्षा स्पष्ट. मी इतकी दचकले की डॉक्टर म्हणाले, “काय झालं?” मी म्हणाले, “नाडी लागतेय.” “लागणारच,” ते पडद्याकडे बघत म्हणाले, “झडप उघडतेय बघा, प्रत्येक ठोक्याला. तुमचं हृदय ढकलतंय. मागच्या वेळी कमी वेग तुम्हाला सोसला नाही, नाहीतर एव्हाना चित्र वेगळं असतं.”

“मला सोसला नाही?” मी विचारलं.

“वाढवून घेतला ना तुम्ही परत.”

“मी?”

ताईनं यंत्राच्या पडद्यावर मागच्या नोंदी पाहिल्या. “हो, मधल्या तपासणीला पूर्वीच्या वेगावर नेलाय.” धाकट्या डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. तिच्या कानाची पाळी लाल झाली होती. “तुमचे मिस्टर म्हणाले होते,” ती म्हणाली, “की पेशंटला फार दम लागतो, जिन्यात बसावं लागतं, पण ती सांगत नाही, कुणाला त्रास नको म्हणून. मी तुम्हाला म्हटलं होतं की, थोडं सेट केलंय, आता बरं वाटेल. तुम्ही मान हलवलीत.”

हलवली होती. ते दर वेळी काही ना काही सेट करतात, गजराचा आवाज, बॅटरीची सूचना. मान हलवायला मला वर्षभर शिकवलंय. मी आडवी होते, अर्ध्या अंगावर चादर, छातीवर जेल, आणि मला एकेक दिवस आठवत होता. मुकं मनगट. सुतक. हृदय झोपलं नव्हतं. त्याच्या हातातून काम काढून घेतलं होतं, जसं माझ्या हातातून आंघोळीचा तांब्या काढून घेतला, कडेवरचं मूल काढून घेतलं, भांडण काढून घेतलं. आणि मी त्यालाच दोष देत बसले होते. राग येतो म्हणजे काय होतं हे मी विसरले होते. कान गरम होतात, जीभ जड होते, पायाचे तळवे गादीवर घट्ट दाबले जातात. पडद्यावर माझं हृदय जोरात हललं. “बरं आहे, बरं आहे,” मोठे डॉक्टर पडद्याला म्हणाले. त्यांना मी व्यायाम करतेय असं वाटलं असावं.

मग त्यांनी मला त्याच कमी वेगावर बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालवलं. ताई पिशवी धरून बरोबर. पहिली फेरी गेली, दुसरी गेली, तिसरीत पाय शिशाचे झाले आणि मी भिंत धरली. पुन्हा गादी, पुन्हा जेल. नवऱ्याला आत बोलावलं. मोठे डॉक्टर म्हणाले, “ऐका दोघं. पंपानं स्नायूवरचं ओझं काढलं, म्हणून तो सावरला, आकार धरला. ते पंपाचंच श्रेय. पण प्लॅस्टरमधला हात आठवा. हाड जुळतं आणि दंड बारीक होतो. विश्रांती एका मर्यादेपर्यंत औषध आहे, त्यापुढे तीच स्नायू खाते. आज बसल्या जागी हृदय छान चालतंय, चालताना थकतंय. आज मी पंप काढा म्हणणार नाही. आणि कधीच काढता येणार नाही असंही म्हणणार नाही. पण वाट बघायलाही सीमा असते. वायरीच्या जागी कधी जंतू शिरतील सांगता येत नाही. कमी वेगावर नेटानं राहायचं, काम करायचं, मग पुन्हा बघू. पायावर सूज आली, वजन चढलं, आडवं झाल्यावर घुसमटलं, तर त्याच दिवशी इथे. नुसता दम लागला, तर तो लागायचाच आहे.” मग ते धाकट्या डॉक्टरकडे वळून म्हणाले, “आणि पेशंट बोलू शकते. तिला विचारायचं.” नवऱ्यानं तोंड उघडलं, “पण डॉक्टर, घरी काही झालं तर, मला वाटतं थोडा मधला वेग...” मी म्हणाले, “कमीच ठेवा.” खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे.

गाडीत तो बोलत होता: रस्ता खोदलाय, सिग्नल बंद आहे, खिडकी लावू का, हवा लागतेय का. मी त्याचे हात बघत होते. स्टिअरिंगवरचे ग्रीस जिरलेले, नखांच्या कडा काळ्या, चांगले हात. या हातांनी तो बंद पडलेल्या लिफ्टमधून म्हाताऱ्या माणसांना अलगद बाहेर काढतो. पण लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला विचारत नाहीत, तुम्हाला कसं निघायचंय. त्याला फक्त काढतात. घरी पोचलो. सासूबाईंनी दार उघडलं, कडेवर ठमी, आणि पहिला प्रश्न, “काय म्हणाले? सगळं स्टेबल ना?” मी पिशवी खांद्यावर सावरली आणि तिथेच, चपलासुद्धा न काढता, नवऱ्याला म्हणाले, “तू मला न विचारता वेग वाढवून घेतलास.”

“आत तर चल. बस आधी.”

“मी उभीच आहे. तू मला... न विचारता...” एवढ्यातच दम संपला. कमी वेग. वाक्य अर्धं तोंडात आणि फुप्फुसं रिकामी. वर्षभराचा राग साठलेला आणि तो बाहेर काढायला हवा पुरेना. सासूबाई पुढे आल्या, “रागावू नकोस गं राणी, तिकडे त्या हृदयाला...”

“आई, तुम्ही थांबा. तुमचाही नंबर येणार आहे.”

त्या जागच्या जागी थांबल्या. ठमी आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. घरात असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

“अगं, मी बघितलं होतं तुला,” नवरा म्हणाला. त्याचाही आवाज आता नेहमीचा नव्हता. “जिन्यात. तू पायरीवर बसली होतीस, पोरीला मांडीवर घेऊन, आ वासून श्वास घेत होतीस. खालच्या मजल्यावरून बघितलं मी. वर यायची छाती झाली नाही माझी. तुला त्या फेसानंतरचं आठवत नसेल, तुझी शुद्ध गेली होती. तुला मी उचलून नेलंय. तुला आठवत नाही. मला आठवतं. रोज आठवतं. तू असा श्वास घेतलास ना, की मला फक्त तेच दिसतं.” त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा आणखी राग आला. एवढं सोपं नाही. त्याला भीती वाटते म्हणून माझ्या हृदयानं निजून राहायचं?

“मग वर यायचं होतंस,” मी म्हणाले. थांबले. श्वास घेतला. “शेजारी बसायचं होतंस.” पुन्हा थांबले. “विचारायचं होतंस, काय करतेयस. मी सांगितलं असतं.” भिंतीला टेकले. “सांगितलं असतं की मला नाडी लागली होती. माझी. तू ती... पुसून टाकलीस. आणि मी... इतके दिवस... मला वाटलं हृदय मेलं.”

“नाडी?” तो म्हणाला. “मला कधी बोलली नाहीस.”

“बोलले असते तर तू... आकडा विचारला असतास.”

मला भोवळल्यासारखं होत होतं, पायात गोळे आले होते, कपाळावर घाम. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही, नुसती हवा. त्याचा हात खिशाकडे गेला, मोबाइल निघाला, अंगठा हॉस्पिटलच्या नंबरवर. सासूबाई म्हणाल्या, “लाव रे, लाव लवकर.” मी हात वर केला. तळवा उघडा, वाहतूक थांबवतात तसा. त्याला दिसलं असेल की ओठ निळे नाहीत, पाय सुजलेले नाहीत. किंवा काहीच दिसलं नसेल, फक्त माझा हात. “फोन ठेव,” मी श्वासाच्या मधल्या फटीतून म्हणाले. “मला दम लागलाय. माझं बोलून झालेलं नाही.”

त्यानं फोनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. असं वाटलं की तो माझं वाक्य पुरं करणार, नेहमीसारखं. खुर्ची आणणार, पाणी आणणार, हो हो म्हणणार. ठमीनं रडायला सुरुवात केली आणि सासूबाई तिला थोपटायचं विसरल्या. मग नवऱ्यानं फोन चपलांच्या कपाटावर पालथा ठेवला आणि हात मोकळे सोडून उभा राहिला. काही केलं नाही त्यानं. नुसता थांबला. मी भिंतीला पाठ लावून एक श्वास घेतला, तो पुरला नाही, दुसरा घेतला, तोही अर्धाच आला, तिसरा आला तो जरा खोल, आणि एवढा वेळ तो आणि सासूबाई दोघंही माझ्या तोंडाकडे बघत, माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत उभे होते.

“आणि दुसरं,” मी म्हणाले.